तात्याबाची आगरतळ्याची वाट

तात्याबा हुल्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण अंतर त्याला बरोबर कळायचं. कवठे महांकाळच्या पूर्वेला दोन कोसांवर त्याची वस्ती. दिवाळी उरकली की कळप घेऊन पश्चिमेला निघायचं, कृष्णाकाठ धरायचा, वारणा ओलांडायची आणि मृगाच्या तोंडावर माघारी फिरायचं, असं त्यानं चाळीस वर्षं केलं होतं. अमुक गाव किती लांब, असं कुणी विचारलं तर तो मैल सांगत नसे, मुक्काम सांगे. सांगली चार मुक्काम. शिराळा आठ. मेंढरू दिवसाला चार कोस चालतं, त्याच्या पुढं त्याला रेटलं तर ते बसतं, आणि एकदा बसलं की दुसऱ्या दिवशीही उठत नाही. हा हिशेब त्याच्या पायांत मुरलेला होता.

बहात्तरच्या दुष्काळात कळप संपला, दोन शेरडं तेवढी राहिली. तात्याबा आणि त्याची बायको धोंडुबाई खडी फोडायला गेली. धाकट्या दोघी पोरी लग्न होऊन नांदत होत्या. थोरला आणि एकुलता मुलगा आप्पासो, तो दुष्काळाच्या आधीच दोन वर्षं घराबाहेर पडला होता. विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी मुलूखभर पांगलेली असतात. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात टाकून शुद्ध करायचं आणि सराफाला द्यायचं, असा तो धंदा. विट्याजवळच्या सयाजी नावाच्या माणसाबरोबर आप्पासो आधी कलकत्त्याला गेला आणि तिथून आगरतळ्याला. ते नाव वस्तीवर कुणाला धड घेता येत नव्हतं. तिथून पत्र यायला कधी बारा दिवस लागत, कधी वीस.

चौऱ्याहत्तरच्या जुलैत, एका सोमवारी सकाळी कवठ्याहून पोस्टाचा माणूस सायकल मारत वस्तीवर आला. तार होती. त्यानंच ती वाचून दाखवली. आप्पासो अत्यवस्थ आहे, ताबडतोब या. खाली सयाजीचं नाव.

"अत्यवस्थ म्हंजी?" धोंडुबाईनं विचारलं.

"लय आजारी," पोस्टमन म्हणाला.

"पर हाय न्हवं?"

"तार निगाली तवा हुता," पोस्टमन म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

धोंडुबाई भाकरी थापायला बसली. मीही येते, असं ती एकदा म्हणाली. तात्याबा म्हणाला, "दोघं गेलो तर जनावरास्नी पानी कोन दावणार?" तिनं पुन्हा विचारलं नाही. दुपारी तो घोंगडी खांद्यावर टाकून, काठी घेऊन कवठ्याच्या स्टेशनावर आला. छोट्या गाडीनं मिरज, मिरजेहून मोठ्या गाडीनं कल्याण, कल्याणला हावडा मेल. आप्पासोनं मागं एकदा पत्रात हे सगळं लिहून पाठवलं होतं, तो कागद त्यानं कोपरीच्या खिशात ठेवला होता. जागोजागी तो कागद दाखवायचा आणि माणसं बोट करतील तिकडं जायचं. गुरुवारी सकाळी तो हावड्याला उतरला. बसून बसून पाय सुजले होते. चालून कधी सुजले नव्हते.

कागदावरचा शेवटचा पत्ता बडाबाजारातला होता. तिथं लालासाहेब नावाच्या कडेगावकडच्या माणसाची गलाईची भट्टी होती. पन्नाशीच्या आतला, अंगानं भरलेला, मराठा गडी. आगरतळ्याला जाणारा-येणारा प्रत्येक गलाईवाला त्याच्याकडंच टेकत असे. त्यानं तात्याबाला आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि मग सांगितलं.

"काल ट्रंक कॉल लागला हुता. पोरगं जित्तं हाय. तेजाबाची बरणी फुटली. खोली बंद, भाईर पाऊस. त्यो धूर सगळा छातीत गेला. दवाखान्यात हाय. नळीनं हवा देत्यात."

"मग मी निगतो," तात्याबा म्हणाला. "गाडी कुठनं सुटती?"

"तिथंच तर आडलंय. गाडी न्हाई. डोंगरात दरड पडली, लाइन बंद हाय. कवा सुरू व्हईल कोन सांगणार?"

तात्याबा बसून राहिला. लालासाहेबानं जमिनीवर सांडलेल्या राखेत बोटानं एक टिंब काढलं, मग उजव्या हाताला थोडं वर दुसरं.

"ह्ये कलकत्ता. ह्ये आगरतळा. सरळ गेलं तर दोनशे मैलाला चार कमी. पर मधी ह्यो सगळा बांगलादेश. गाडी त्याला वळसा घालून जाती. आदी उत्तरंला, मग पार आसामात, आन् मग डोंगरातनं खाली. हजार मैलाचा फेरा. आन् गाडी बी थेट आगरतळ्याला पोचत न्हाई, शेवटाला ट्रक धरावा लागतो. लाइन चालू असली तरी चार दिस धरा."

तात्याबा त्या दोन टिंबांकडं बघत होता. दोनशे मैल म्हणजे शंभर कोस. चार कोसांनी पंचवीस मुक्काम. एकट्या माणसानं रेटलं तर दहा.

"मधनं चालत गेलो तर?"

"सरहद्द हाय तात्याबा. कागद लागत्यात. धरतील."

तात्याबानं नद्या ओलांडल्या होत्या, घाट उतरला होता. कुणाच्या पिकात मेंढरं शिरली म्हणून मारही खाल्ला होता. पण जिथून चालायचंच नाही असा शंभर कोसांचा मुलूख त्याला ठाऊक नव्हता.

"इमानानं जावा," लालासाहेब म्हणाला. "वरनं सरळ जातंय. दमदमला बसायचं, आगरतळ्याला उतरायचं. पन्नास मिंटं."

"किती?"

"पन्नास मिंटं. तासाला बी धा कमी."

तात्याबाला हे खरं वाटलं नाही. तिकिटाचं लालासाहेबानं बघितलं आणि त्याविषयी पुन्हा शब्द काढू दिला नाही. शुक्रवारी जागा मिळाली नाही. लाइन बंद पडल्यामुळं सगळे विमानाकडंच धावले होते. शुक्रवारचा आख्खा दिवस तात्याबा भट्टीच्या दारात बसून होता. आत माणसं कोळसा फुलवत होती, मुशी चिमट्यानं धरून ओतत होती. पलीकडच्या खोलीत तेजाबाचं काम चाले. तिथून पिवळसर धूर यायचा आणि काम करणारा माणूस तोंडाला पंचा बांधून आत-बाहेर करायचा. पोरगं चार वर्षं काय करत होतं, ते तात्याबानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शनिवारी जागा मिळाली. लालासाहेबाचा एक माणूस त्याला दमदमला पोचवून, दारात सोडून गेला. आत काठी काढून घेतली आणि तिला चिठ्ठी बांधून सामानात टाकली. घोंगडी राहू दिली. विमान दोन पंख्यांचं होतं. आत चाळीसभर माणसं. तात्याबाच्या शेजारी एक उतारवयाचे बंगाली मास्तर होते, त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. तात्याबाला हिंदी कळायचं, बोलायला जमत नसे. पट्टा मास्तरांनीच बांधून दिला.

विमान धावलं, जमीन सुटली. घाट उतरताना पाय निसटतो तसं तात्याबाला एकदा झालं. मग काही नाही. खिडकीबाहेर पांढरं. ढग खाली, ढग वर. खालचा मुलूख काही दिसेना. त्याला वाटलं होतं की मुक्कामांच्या जागा दिसतील, कुठं ओढा असेल, कुठं मेंढरांना चरण असेल. त्यातलं काहीच नव्हतं.

पन्नास मिनिटं झाली असावीत, कारण मास्तरांनी घड्याळ पाहून खाली बोट केलं. "आगरतला." तात्याबानं काचेला कपाळ लावलं. पांढरंच. विमान एका अंगावर कललं आणि वळलं. मग पुन्हा वळलं. असं ते किती वेळ फिरत राहिलं. तात्याबाला एवढंच कळलं की मेंढका हरवलेलं कोकरू हुडकताना जसा त्याच त्याच माळावर फेऱ्या मारतो, तसं हे चाललंय. मग विमानातली बाई पुढं उभी राहून काहीतरी बोलली. माणसांनी सुस्कारे टाकले. एकानं कपाळावर हात मारला.

मास्तर म्हणाले, "नीचे बादल. उतर नहीं सकता. वापस."

"वापस कुठं?"

"कलकत्ता."

तात्याबा उठायला गेला. पट्ट्यानं त्याला खाली ओढलं. तो मोठ्यानं म्हणाला, "आवं, माझं पोरगं खाली हाय." मराठीत म्हणाला. ते कुणालाही कळलं नाही. मास्तरांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि दमदम येईपर्यंत तो काढला नाही.

दोन तासांपेक्षा जास्त वेळ हवेत काढून तो जिथून निघाला होता तिथंच उतरला. उद्या सकाळी पुन्हा सोडू, असं सांगण्यात आलं. बाकीचे पांगले. मास्तरांनी आपल्या घरी चला म्हणून आग्रह केला, पण तात्याबा हलला नाही. इथून हललो तर उद्या पुन्हा इथं येता येईल, याची त्याला खात्री वाटेना. तिथल्या बाकावरच त्यानं घोंगडी पसरली. भाकरी संपल्या होत्या. एका झाडूवाल्यानं त्याला मुरमुरे आणून दिले.

रविवारी विमान सुटलं आणि या खेपेला खाली दिसलं. सगळं पाणी. नद्या वेगळ्या दिसत नव्हत्या, नुसती पिवळट पाण्याची एक पाठ, तिच्यावर झाडांचे झुपके आणि घरांची छपरं, त्यांच्यामधून काडीएवढ्या होड्या. त्या साली तिकडं मोठा पूर होता. तात्याबा दोन वर्षांपूर्वी पिण्याच्या पाण्यासाठी टँकरपुढं रांगेत उभा राहिला होता. तो बघत राहिला. मधनं चालत गेलो असतो तर बुडालो असतो, एवढंच त्याच्या मनात आलं. मग हिरवे उंचवटे आले, विमान खाली आलं, चाकं टेकली. मास्तरांनी घड्याळ दाखवलं. बावन्न मिनिटं.

सयाजी बाहेर उभा होता. तिशी-पस्तिशीचा, दाढी वाढलेला. त्याच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. तेजाबाच्या खोलीतून आप्पासोला त्यानंच ओढून काढलं होतं.

"काल बी आलतो तात्या," तो म्हणाला. "आवाज आला इमानाचा. लय येळ आला. मग गेला."

"हाय का?" तात्याबानं विचारलं.

"हाय. चला."

दवाखान्यात आप्पासो उशांना टेकून बसवलेला होता. आडवं केलं की धाप लागायची. चेहरा बापाला ओळखू न येण्याएवढा उतरला होता. बाप दिसल्यावर त्यानं नळी बाजूला केली.

"आबा, काल तुमी वरनं गेलासा."

"गेलो हुतो."

"सयाजीनं सांगितलं. मी ऐकत हुतो."

"उतराय जागा न्हवती," तात्याबा म्हणाला. "तू बोलू नगंस."

आप्पासोनं नळी लावली. थोड्या वेळानं पुन्हा काढली. "आई?"

"जनावरास्नी पानी दावाय कोन तरी पायजे."

तात्याबा तिथं दीड महिना राहिला. सयाजीच्या खोलीवर भात खायचा आणि दिवसभर दवाखान्यात खाटेजवळ जमिनीवर बसायचा. आप्पासो सोळाव्या दिवशी उशांशिवाय उठून बसला, महिन्यानं चालला. डॉक्टर म्हणाले, छाती निम्मी राहिली आहे, आता भट्टीजवळ जायचं नाही. सयाजीनं हे ऐकलं आणि तोंड फिरवलं. खोली बंद ठेवा, पावसाचं पाणी मुशीत उडतंय, असं त्या दिवशी तोच म्हणाला होता. तात्याबाला त्यानं हे स्वतःच सांगितलं. तात्याबा म्हणाला, "हात दाखीव." फडकी सोडून त्यानं भाजलेले हात पाहिले. कळपातलं जनावर पोळलं की त्याला लावायचं औषध त्याला माहीत होतं, पण त्याचा पाला त्या मुलखात मिळत नव्हता. तो चार दिवस हिंडला आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एक पाला घेऊन आला. लावून पाहिला. काही उपयोग झाला नाही. हात आपोआपच बरे झाले, बोटं मात्र थोडी आखडली.

सप्टेंबरात बापलेक विमानानंच कलकत्त्याला आले. लाइन सुरू झाली होती, पण आप्पासोला ट्रकचे धक्के सोसणार नव्हते. धोंडुबाई कवठ्याच्या स्टेशनावर आली होती. तिनं मुलाकडं पाहिलं आणि त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं.

त्यानंतर कवठ्याच्या बाजारात तात्याबाला माणसं थांबवू लागली. त्या भागात विमानात बसलेले हे बापलेकच. सोसायटीचा सेक्रेटरी, हॉटेलवाला, तलाठी, सगळ्यांना एकच विचारायचं असे, किती लांब आणि किती वेळ? तात्याबा सरळ सांगायचा. कवठ्यापास्नं कलकत्ता तीन दिस. कलकत्त्यात दोन दिस. इमानात एकदा दोन तास, त्ये फुकट. दुसऱ्यांदा बावन्न मिंटं. ऐकणाऱ्याला पन्नास मिनिटांचंच नवल वाटायचं, बाकीचं तो ऐकून घ्यायचा नाही. मग तात्याबानंही हळूहळू बाकीचं सांगणं सोडून दिलं.

आप्पासो पुढं सव्वादोन वर्षं जगला. तात्याबानं पाच पाटी घेतल्या होत्या, म्हणजे तरण्या मेंढ्या. त्या वस्तीजवळच्या माळावर चारायचं काम आप्पासो करायचा. चढ आला की बसायचा. शहात्तर सरता सरता थंडीत त्याला ताप आला, मिरजेच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवला आणि तिथं तो गेला. मिरज तीन मुक्कामांवर, छोट्या गाडीनं काही तासांवर. या खेपेला तात्याबा वेळेवर जवळ होता. त्यानं फरक काही पडला नाही.

सयाजीला पत्र गेलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, एवढंच की, मी कामातून उठून येऊ शकत नाही, मला माफ करा.

सत्याहत्तरच्या वैशाखात सयाजीची बायको सुलाबाई विट्याकडून एस.टी.नं कवठ्याला आली आणि विचारत विचारत वस्तीवर पोचली. तिला सयाजीनं आगरतळ्याला बोलावलं होतं. बोटं आणखी आखडल्यामुळं त्याला हातानं नीट जेवताही येत नव्हतं, आणि गावी परतायला तो तयार नव्हता. बरोबर जाईल असं माणूस तिला मिळेना. भावकीत सगळे म्हणत, बाई, तिकडं कुठं आणि कशी जाशील?

"तुमास्नी सांगायला माजं त्वांड न्हाई," ती धोंडुबाईला म्हणाली. "पर वाट ठावी असल्यालं दुसरं कोन न्हाई."

धोंडुबाई चुलीपुढून उठली नाही. तात्याबा बाहेर कट्ट्यावर होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. शेवटी ती आतूनच म्हणाली, "आवं, कवा निगायचं त्येवढं सांगा. भाकरी कराय लागतील."

तो सुलाबाईला घेऊन गेला. मिरज, कल्याण, हावडा, लालासाहेबाची भट्टी. तिथं लालासाहेबाचे केस आता पांढरे झाले होते. दमदमला सुलाबाईच्या पट्ट्याचं टोक तात्याबानंच अडकवून दिलं. जमीन सुटली तसा तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"मामा, किती येळ हाय आनि?"

"पन्नास मिंटं. ढग नसलं तर."

"आन् असलं तर?"

"तर मागं येतंय. आन् उद्या पुन्ना जातंय."

ढग नव्हते. सयाजी दारात उभा होता. बायकोआधी तो तात्याबाच्या पाया पडला, आणि उठवेपर्यंत उठला नाही. तात्याबा एक दिवस राहिला. ज्या खोलीत ते झालं होतं, तिला आता समोरासमोर दोन खिडक्या पाडल्या होत्या. सयाजीनं त्या उघडून दाखवल्या. तात्याबानं हात बाहेर काढून वारा पाहिला आणि मान हलवली.

परत येताना तो एकटा होता आणि घाई कसलीच नव्हती. विमानाचं तिकीट नको म्हणाला. ट्रकनं डोंगरातून, मग छोट्या गाडीनं, मग मोठ्या गाडीनं, आसामातून पार वळसा घालून तो चौथ्या दिवशी कलकत्त्याला आला आणि तिथून आणखी तीन दिवसांनी घरी. धोंडुबाईनं पाय धुवायला पाणी दिलं.

"तिकडनं आलासा म्हनं, गाडीनं? कसा हाय त्यो मुलूख?"

तात्याबानं पाय पुसले. "लय हिरवा. सगळीकडं चरण," तो म्हणाला. "पर मेंढराला न्हाई चालायचा. खुरं कुजतील."